पहिल्या सत्राची दुखणी



ऑगस्टात महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेरची रांग पाहावी. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. तिच्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, आणि या सगळ्यांच्या झेरॉक्सचे संच. काही अभ्यासक्रमांना वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो. तो पुष्कळदा ओळखीच्या डॉक्टरांनी नाडीलाही हात न लावता सही-शिक्का मारून दिलेला असतो. पुढच्या चार महिन्यांत ज्याचा खरोखर उपयोग होईल असा कागद मात्र या फाइलीत सहसा नसतो. तो म्हणजे लहानपणी कोणत्या लसी टोचल्या आणि कोणत्या राहिल्या याचं कार्ड. ते गावाकडे कपाटात साड्यांच्या घडीखाली पडलेलं असतं, नाहीतर कधीच गहाळ झालेलं असतं.

गणपतीच्या आसपास वसतिगृहात पहिले ताप सुरू होतात. आई फोनवर म्हणते, पाणी बदललं, बाधणारच. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे, सध्या सगळीकडे चालू आहे. खोलीतला मित्र म्हणतो, मेसचं जेवण. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आजारी पडणारा मुलगा अठरा वर्षांचा आहे, ही बाब तिघांच्याही हिशेबात नसते, आणि पहिल्या वर्षाच्या आजारांचं निम्मं कोडं तिथंच सुटतं. घरानं जे जंतू लहानपणी दाराबाहेर ठेवले, ते या मुलाला आता एकदम, गर्दीत आणि चुकीच्या वयात भेटत असतात.

ही गर्दी किती वेगानं काम करते, ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात मोजलं गेलं आहे. १९९७ च्या ऑक्टोबरात तिथं पहिल्या वर्षाला आलेल्या सुमारे अडीच हजार मुलामुलींच्या घशातून कापसाच्या बोळ्यानं नमुने घेतले. शोध होता मेनिंगोकोकस या जंतूचा. तो पुष्कळांच्या घशात निमूट बसून असतो, त्यांना काही करत नाही; पण क्वचित एखाद्याच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, तर चोवीस तासांत जीव घेऊ शकतो. सत्राच्या पहिल्या दिवशी ६.९ टक्के मुलांच्या घशात तो सापडला. दुसऱ्या दिवशी ११.२, तिसऱ्या दिवशी १९ आणि चौथ्या दिवशी २३.१ टक्के. वर्गात ओळखपरेड पुरती झाली नव्हती, तेवढ्यात जंतूंची झालीसुद्धा! जेवणाची सोय असलेल्या वसतिगृहांत डिसेंबरापर्यंत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर गेलं. संशोधकांनी कारणंही तपासली. वसतिगृहात राहणं, बारमध्ये वरचेवर जाणं, सिगारेट आणि चुंबन ही त्यांतली ठळक.

या अभ्यासाला पाव शतक उलटून गेलं, तरी त्याचे आकडे शिळे झालेले नाहीत. पुढे २०१३ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात याच जंतूच्या ‘बी’ प्रकाराची साथ आली. त्यावर चालणारी लस युरोपात मान्य होती, अमेरिकेत नव्हती. शेवटी खास परवानगी काढून ती मागवली आणि डिसेंबरात विद्यार्थ्यांना टोचली. आज ब्रिटनमध्ये किशोरवयातच या जंतूच्या चार प्रकारांवरची एकत्रित लस दिली जाते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं वसतिगृहात खोली देण्यापूर्वी तिचा दाखला मागतात. म्हणून जुलैत पुण्या-मुंबईतली आणि नाशिकातली घरं या लसीसाठी दवाखाने पालथे घालताना दिसतात. बोस्टनला निघालेल्या मुलीच्या आईला लसीचं लांबलचक नाव तोंडपाठ असतं. लातूरहून पुण्याला निघालेल्या मुलीच्या आईला कुणी काहीच विचारत नाही. भारतात मेनिंगोकोकसच्या साथी त्या मानानं कमी येतात, दिल्लीतली २००५ ची साथ वगळता आपल्याला चटकन आठवतही नाहीत, हे खरं. पण लातूरच्या मुलीला विचारण्यासारख्या दुसऱ्या लसी आहेत, आणि त्यांच्याकडेच यायचं आहे.

त्याआधी गालगुंडाची गोष्ट. चुकीच्या वयात गाठणारा आजार म्हणजे काय, हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. ब्रिटनमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची एकत्रित लस ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाली, ती लहान बाळांसाठी. त्याआधी चार-सहा वर्षं जन्मलेली मुलं तिच्यासाठी मोठी ठरली. १९९४ मध्ये शाळकरी मुलांना सरसकट लस टोचण्याची मोठी मोहीम निघाली, पण त्या लसीत गोवर आणि रुबेला होते, गालगुंड नव्हता. इकडे धाकट्या भावंडांना लस मिळत गेल्यामुळे देशात गालगुंडच कमी झाला, म्हणून या मधल्या पिढीला तो शाळेत असताना झालाही नाही. लस नाही आणि आजारही नाही, अशी कोरी पाटी घेऊन ही मुलं विद्यापीठात पोचली. २००५ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये गालगुंडाचे ४३ हजारांहून अधिक रुग्ण पक्के निदान होऊन नोंदले गेले. त्यांत फार मोठा वाटा एकोणीस ते तेवीस वयोगटाचा होता. पाच वर्षांच्या पोराला गालगुंड झाला की चार दिवस गाल सुजतात, शाळा बुडते, पोरगं खूश असतं. विशीतल्या मुलाला झाला तर वृषणाला सूज येऊन तो आठवडाभर कण्हत पडू शकतो.

हे वाचून मराठी माणसानं स्वस्थ बसू नये. भारताच्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून जी लस आली ती गोवर-रुबेलाची. गालगुंड तिच्यात नाही. बालरोगतज्ज्ञ खासगीत तिन्हींची लस देतात. ज्याला परवडतं आणि ज्याला सांगितलं जातं, त्याला ती मिळते. २०२४ च्या सुरुवातीला केरळात आणि महाराष्ट्रातही गालगुंडाचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा डॉक्टरांनी याच उणिवेकडे बोट दाखवलं.

ग्रंथिज्वराची कथाही याच वळणाची. लाळेतून पसरणाऱ्या एप्स्टीन-बार विषाणूचा हा आजार. घसा सुजतो, मानेत गाठी येतात, आणि थकवा महिनाभर हटत नाही. १९६४ मध्ये हा विषाणू सापडला तो लंडनमध्ये, युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीत. त्याचा आणि ग्रंथिज्वराचा संबंध लागला तो पुढे चार वर्षांनी. येल विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मुलांचं रक्त आधीपासून काढून जपून ठेवलेलं होतं, ते तेव्हा कामी आलं. ज्यांच्या रक्तात प्रवेशाच्या वेळी या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती, तीच मुलं पुढे आजारी पडली होती. भारतात बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच कुणाच्या तरी उष्ट्या घासातून भेटून गेलेला असतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे आपल्या कॉलेजांत हा आजार फारसा ऐकू येत नाही.

आता कावीळ.

तिच्यापाशी जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा हा खास आजार आहे आणि त्याचं शास्त्रही बरंचसं पुण्यातच उलगडलं. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेली विषाणू संशोधन संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही झाली. तिथं डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातले शहरी आणि ग्रामीण लोकांचे रक्तनमुने तपासले. पूर्वी आपल्याकडे हिपॅटायटिस ‘ए’ हा विषाणू जवळजवळ प्रत्येक मुलाला पहिल्या काही वर्षांत गाठायचाच. पुण्यातल्या सुस्थितीतल्या वर्गात हे प्रमाण उतरत चाललं होतं. खेड्यांत मात्र ते पूर्वीइतकंच होतं. फिल्टर आला, संडास सुधारले, मुलं स्वच्छ राहिली. चांगलीच गोष्ट आहे. पण सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये या संसर्गाची दहांपैकी सुमारे सातांना लक्षणंच दिसत नाहीत, आणि मोठ्यांमध्ये दहांपैकी सातांहून अधिकांना चक्क कावीळ होते. म्हणजे स्वच्छ घरातून आलेला मुलगा मेसच्या पिंपाशी उभा राहतो तो पूर्ण निःशस्त्र. झोपडीतून आलेला त्याचाच वर्गमित्र तेच पाणी पिऊन ठणठणीत राहतो. यात शरीराच्या कणखरपणाचा काही संबंध नाही. एकानं परीक्षा तिसऱ्या वर्षी दिली होती, दुसऱ्याची अठराव्या वर्षी आहे, एवढंच. २०२४ च्या उन्हाळ्यात केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूरला नळाच्या पाण्यातून हीच साथ आली आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. साक्षरता आणि आरोग्य यांत पुढारलेल्या केरळात हे घडावं, यात आश्चर्य नाही. आजार पुढच्या वयावर ढकलला गेला की तो असाच परततो.

आणखी एक गंमत या आजाराच्या वेळापत्रकात आहे. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला सरासरी अठ्ठावीस दिवस लागतात. कधी पंधरा, कधी पन्नास. म्हणजे प्रवेश घेतला त्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकासमोर प्यायलेल्या ताकाचा हिशेब गणेशविसर्जनाच्या सुमाराला होतो. आणि दोष कुणाला? परवा खाल्लेल्या पाणीपुरीला. त्याहून वाईट म्हणजे विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत. तेव्हा पोळ्या लाटणारा किंवा कोशिंबीर कालवणारा माणूस स्वतः अगदी धडधाकट दिसत असतो.

निदान झालं की मुलगा घरी जातो आणि घरी काविळीचे वैद्य वाट पाहत असतात. कुणी डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवतो, ती दिवसागणिक लांब होत पायांपर्यंत उतरते आणि कावीळ उतरली म्हणतात. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि बघणाऱ्यांचा विश्वास बसतो. हिपॅटायटिस ‘ए’ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, त्यामुळे यशाचं श्रेय माळेला सहज मिळतं. माळेपेक्षा घातक आहेत ते नाकात घालायचे थेंब आणि पाल्याचे अज्ञात काढे, कारण यकृत आधीच कामाखाली दबलेलं असतं. उसाचा रस प्या, असा सल्ला तर सगळेच देतात. रसवंतीच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणी विचारत नाही. या आजारावर लस आहे, बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात आहे, सरकारी कार्यक्रमात नाही. लातूरच्या मुलीला विचारायला हवी ती पहिली लस हीच.

दुसरी टायफॉइडची. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या मुलांना नव्या पद्धतीची, जास्त टिकाऊ टायफॉइड लस देण्याची मोहीम सुरू केली. सार्वजनिक पातळीवर या लसीची अशी मोहीम जगात तिथं प्रथम झाली. त्या मोहिमेतली थोरली मुलं आता कॉलेजात आहेत. बाकी महाराष्ट्रात मात्र टायफॉइडचं निदान म्हणजे विडाल चाचणी. फ्रान्सच्या फर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये सुचवली. जुना संसर्ग किंवा आधी घेतलेली लस यांनीही ती होकार देऊन जाते. रक्त वाढवून जंतू शोधणारी तपासणी, तीही पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, ही खरी. पण तिला दिवस लागतात, आणि परीक्षा परवावर आलेली असते. म्हणून दोन दिवसांच्या तापात विडाल, विडाल थोडी वर दिसली की प्रतिजैविक, आणि दोन्ही व्यर्थ, हा क्रम वसतिगृहांच्या आसपासच्या दवाखान्यांत सर्रास दिसतो.

डेंगीचा हंगाम तर नेमका प्रवेशाच्या हंगामावर येऊन बसतो. एडिस डास दिवसा चावतो आणि साध्या साठलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची उघडी टाकी, कूलर आणि खिडकीतली कुंडी त्याला पुरते. यात एक धोका मुलांना सांगितलाच जात नाही. ताप उतरला म्हणजे बरं वाटलं, असं धरून चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगा लेक्चरला जातो. डेंगीत नेमका तोच काळ जपायचा असतो. ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती, यांतलं काहीही दिसलं तर रिक्षा करून थेट रुग्णालय. आणि अंगदुखीसाठी मित्राच्या ड्रॉवरमधली आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची नाही; पॅरासिटामॉल पुरे.

पाण्यातून येणाऱ्या आजारांची भीती पुण्याला जानेवारी २०२५ मध्ये नव्यानं कळली. सिंहगड रस्त्यावर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलियन-बॅरे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू मिळाला. तो गेल्यावर काहींची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पाय लुळे पडतात. त्या परिसरात विद्यार्थ्यांची दाट वस्ती आहे. महिनाभर पाणी उकळलं गेलं. पुढे विकतच्या पाण्याचे जार परतले.

त्वचेच्या आजारांकडे कुणी गांभीर्यानं पाहत नाही, कारण त्यानं कुणी मरत नाही. पण पावसाळ्यातल्या वसतिगृहाचं खरं रडगाणं तेच आहे. दोरीवर चार दिवस न सुकलेली जीन्स तशीच अंगावर चढवायची, टॉवेल तिघांत एक, मग जांघेत नायटा. गेल्या दशकभरात भारतात नायट्याचा एक चिवट प्रकार पसरला आहे. २०२० मध्ये त्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. तिला खतपाणी घातलं ते मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांनी. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, बुरशी मात्र आत फोफावते. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘भाऊ, खाजेची ती ट्यूब द्या’ हे वाक्य अजून चालतं. खरजेची तऱ्हा वेगळी. पहिल्यांदा झालेल्या खरजेची खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर ती खोलीभर वाटून झालेली असते. एकट्यानं मलम लावून काही होत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या नखापर्यंत लावायचं आणि पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. चौघांतला एक म्हणतो, मला नाही खाजत. तिथं सगळं फसतं.

मुलींच्या दुखण्यांचा उगम कॉलेजच्या स्वच्छतागृहात आहे. ते इतकं घाण असतं की सकाळी आठपासून चारपर्यंत जायचं टाळावं म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, ताप, पाठदुखी, हे सगळं त्यातून येतं, आणि त्याची वाच्यता कुठं करायची, हाही प्रश्न असतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या सीमेत सापडल्या. नाश्ता सोडून पळणाऱ्या, रात्री मॅगीवर भागवणाऱ्या मुलींचं वसतिगृहात गेल्यावर हिमोग्लोबिन वाढेल, अशी काही चिन्हं नाहीत.

घर सोडून शिकायला गेलेल्यांत आपल्याकडचं सर्वांत ठळक नाव आनंदीबाई जोशी यांचं. १८८३ साली, अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कडाका, न रुचणारं आणि न पुरणारं शाकाहारी जेवण, अंगावर महाराष्ट्रातला पोशाख, आणि वर अभ्यासाचा डोंगर. तब्येत खालावत गेली. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या. बाविसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगासमोर मांडला तो मार्च १८८२ मध्ये, म्हणजे त्या बोटीत बसण्याआधी जेमतेम वर्षभर. त्याच्यावर चालणारं पहिलं औषध मिळायला अजून साठ वर्षं होती. आज क्षयाची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. अडचण एवढीच की दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला वसतिगृहात सिगारेटवर, धुळीवर किंवा एसीवर ढकलला जातो.

मनाच्या दुखण्याचीही एक जुनी नोंद आहे. १६८८ मध्ये बाझल विद्यापीठात योहानेस होफर या तरुणानं घराच्या ओढीनं होणाऱ्या आजारावर प्रबंध लिहिला. त्यातला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला विद्यार्थी होता. अंतर पुणे-महाबळेश्वरएवढंच. तो खंगत गेला, ताप चढला, आशा सुटली. घरी नेण्याची तयारी सुरू झाली तशी त्याला तरतरी आली, आणि वाटेतच तो सुधारू लागला. त्या काळी ही चमत्कारिक गोष्ट वाटली असेल, पण पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मनाची दुखणी आता मोजलीही गेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आठ देशांतल्या १९ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांतल्या ३१ टक्क्यांमध्ये मागच्या वर्षभरात एखाद्या मानसिक विकाराची लक्षणं आढळली. ‘सगळ्यांनाच होतं, सवय होईल’ हे त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत खरंही असेल. सगळ्यांच्या बाबतीत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो किती नोटीस बोर्डांवर आहे, ते ज्यानं त्यानं आपापल्या कॉलेजात पाहावं.

घरी असलेला मुलगा जेवायला उठला नाही, तर अर्ध्या तासात आई खोलीत येते. कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या दाराशी दोन दिवस कुणी येत नाही. डेंगीत आणि मेनिंगोकोकसमध्ये दोन दिवस म्हणजे फार. म्हणून ब्रिटनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, बरं वाटत नसेल तर खोलीत पडण्याआधी कुणाला तरी सांगा, आणि आजारी मित्राकडे दर थोड्या वेळानं डोकवा. अंगावरचे जांभळट ठिपके काचेचा पेला दाबूनही पुसट होत नसतील, तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक मेसमध्ये एक वही असते. कोण जेवलं, कोणाचे खाडे पडले, हे तिच्यात रोज मांडलं जातं, कारण महिनाअखेरीला त्यावरून बिल कापायचं असतं. सलग दोन वेळा खाडा पडला आणि मुलगा गावी गेल्याची नोंद नाही, तर मेसवाल्यानं रेक्टरला फोन करायचा आणि रेक्टरनं त्याच संध्याकाळी थर्मामीटर घेऊन जिना चढायचा. प्रवेशाच्या फाइलीत लसीच्या कार्डाची झेरॉक्स मागायला तर ऑफिसला एका ओळीची नोटीस पुरते. ती मे महिन्यात लावली, तर राहिलेली लस टोचून घ्यायला घरच्यांना दोन महिने मिळतात.